एकोणिसावा फर्मा

सोमवार, २

डॉक्टरांनी वाचायला बंदी केली आहे. लिहायला केलेली नाही. म्हणजे मी विचारलंच नाही. विचारलं की लोक नाही म्हणतात, हा माझा अनुभव आहे.

परवा उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवली आहे. डावा डोळा पुढच्या खेपेला, तोवर सगळा कारभार त्याच्याकडे. जाड मार्करनं बोटभर अक्षरं काढतोय. एका पानात आठ ओळी बसतात आणि त्याही उतारावरून घसरल्यासारख्या खाली जातात. वही मात्र फर्स्ट क्लास. बाइंडिंगखान्यात उरलेल्या कोऱ्या कागदांची, मीच शिवलेली.

खरं तर ऑपरेशनची गरजच नव्हती. हल्ली छापखाने शाई फिकी वापरतात, हे मी मालकांना सहा महिन्यांपासून सांगत होतो. मालकांनी शाईचं बघायचं सोडून मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

बाइंडिंगखान्यात मी शेवटचा तपासनीस. पुस्तकाची सोळा-सोळा पानं एका घडीत येतात, त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मे ओळीनं एकावर एक लावले की त्यांच्या पाठीवरच्या काळ्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. एखादा फर्मा दोनदा आला किंवा राहून गेला की पायरी मोडते. मी पायऱ्या बघतो, आणि बांधून झालेल्या प्रतीच्या मागच्या कागदावर शिक्का मारतो. 'तपासले – ७'. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक चुकीची प्रत बाहेर गेलेली नाही. हे मी म्हणत नाही, अख्खा बाइंडिंगखाना म्हणतो. मी आठवण करून दिली की म्हणतो.

महिन्याभरानं परत माझ्या खुर्चीवर. तोवर तिथे घडीवाली बाई बसणार. नजर घारीची आहे, पण अनुभव काय? अवघा अठरा वर्षांचा. शिक्का मी रुमालात गुंडाळून घरी आणला आहे. उगाच कुणी मारत बसायला नको. निघताना मालकांना म्हटलं, "माझ्याशिवाय कसं होणार तुमचं?" मालक काहीच बोलले नाहीत. गहिवरले असावेत.

बुधवार, ४

दोन दिवस भिंतीकडे बघत काढले. भिंतही अर्धीच दिसते. शेवटी आमच्या हिला म्हटलं, "ते पुस्तक तरी वाचून दाखव." ही म्हणाली, "मला खून बघवत नाहीत, आणि तुमच्या त्या पुस्तकात तर माणसं उलटी लटकत चहा पितात. सूनबाईला सांगा."

सूनबाईला! चिरंजीव जहाजावर नोकरीला, घरात आम्ही तिघंच. लग्नाला आठ महिने झाले, पण "चहा ठेवू का बाबा?" आणि "ठेव" यापुढे आमचं संभाषण सरकलेलं नाही. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात आणि ती शांतपणे म्हणते, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." घरातही तेच. परवा मी म्हटलं, चहात साखर कमी आहे. तर म्हणे, "नोंदवून घेतलं, बाबा." हसली की नाही ते दिसलं नाही.

पुस्तकाबद्दल सांगायला हवं. ही त्या अंतराळातल्या रहस्यकथेची पुढची गोष्ट. पहिला भाग मी चार वेळा वाचला होता. एका ग्रहाभोवती फिरणारं मोठं स्थानक आहे. तिथे दोन सूर्य, त्यामुळे दिवसातून दोनदा उजाडतं आणि माणसं दोनदा उठून दोनदा कुरकुरतात. तिथल्या धुलाईखान्याची प्रमुख बाई म्हणजे आपली गुप्तहेर. ती लोकांचे कपडे बघून गुन्हे शोधते. मदतीला एक इस्त्रीचं यंत्र, त्याला बोलता येतं पण इस्त्रीपलीकडचं काही कळत नाही. पहिल्या भागात बाईनं बाहीच्या एका चुकीच्या घडीवरून खुनी पकडला होता. घडीवरून! मी तेव्हाच ठरवलं, ही आपली बाई.

नवं पुस्तक निघालं की बाइंडिंगखान्यातल्या प्रत्येकाला एक प्रत मिळते, ही आमच्याकडची रीत. दुसरा भाग हे माझं ऑपरेशनआधीचं शेवटचं काम. गठ्ठ्यातली सगळ्यात वरची प्रत उचलून घरी आणली आणि उघडली नाही. चांगली गोष्ट उभ्या उभ्या उघडायची नसते.

सूनबाई कचेरीतून आली, हातपाय धुतले, आणि वीस पानं वाचली. आवाज बरा आहे. हवाप्रमुख मेला! दहा नंबरच्या खोलीत, आतून बंद केलेल्या दाराआड, आणि खोलीत हवेचा थेंब नाही. मी म्हटलं, "अजून पाच पानं." ती म्हणाली, "उद्या. कचेरीची वेळ संपली."

शुक्रवार, ६

पान एकेचाळीस. मला खुनी सापडला.

स्वयंपाकी. हवाप्रमुखानं स्थानकावर तळणाला बंदी घातली होती, धूर होतो म्हणून. आयुष्यभर उकडलेलं खायला घालावं लागलं तर कुठलाही स्वयंपाकी खून करेल. सूनबाई म्हणाली, "इतका सोपा नसेल बाबा. मला कप्तानाच्या मेव्हणीचा संशय येतो." मी म्हटलं, "तू सून आहेस, तुला सासरच्या माणसांचाच संशय येणार." बोलून गेलो आणि जीभ चावली. पण ती खळखळून हसली. घरात एवढं मोठं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. ही स्वयंपाकघरातून बघायला आली, काय सांडलं म्हणून.

हिचा एकच प्रश्न, रोजचा: "एवढ्या वर धुतलेले कपडे वाळत कुठे घालतात?" लेखकानं याचं उत्तर दिलेलं नाही. हिच्या मते तेच खरं रहस्य आहे.

मंगळवार, १०

पुस्तकात एक पात्र आलंय, मला फार आवडलं. म्हातारा दारतपासनीस. स्थानकाच्या प्रत्येक दाराला रबराची पट्टी असते, तिच्यामुळे हवा आत राहते. हा रोज हिंडून पट्ट्या बघतो आणि दारावर शिक्का मारतो. कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, पण सगळे जिवंत आहेत ते त्याच्यामुळे. मी म्हटलं, "हा लेखक आमच्या बाइंडिंगखान्यात येऊन गेलेला दिसतो." सूनबाई म्हणाली, "तुमच्यासारखाच आहे. स्वभावानंसुद्धा." चौकशी केली नाही.

दुपारी मालकांचा फोन. "डोळा कसा आहे? विश्रांती घ्या. अजिबात घाई करू नका." एवढंच बोलायला फोन केला. मग म्हणाले, "सूनबाई घरी कधी असतात?" मी म्हटलं, संध्याकाळी. "बरं," म्हणाले.

सून माझी आणि चौकशी मालकांना. काहीतरी शिजतंय.

बुधवार, १८

मधले दिवस लिहिलं नाही, कारण वाचनाशिवाय काही घडलं नाही आणि वाचन लिहिण्यापेक्षा बरं. रोज वीस पानं. एका दिवशी सूनबाईला सर्दी झाली तर मी स्वतः तिला वाफ घ्यायला लावली. ही म्हणाली, "मला ताप आला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, तुझा ताप दोनशे चाळिसाव्या पानावर आला नव्हता.

आणि आज कहर झाला. पान दोनशे अठ्ठ्याऐंशी. धुलाईबाईनं सगळ्यांना धुलाईखान्यात गोळा केलंय. यंत्रं बंद. ती म्हणते, "हवाप्रमुखाच्या मृत्यूला जबाबदार माणूस याच खोलीत उभा आहे. तो म्हणजे..." सूनबाईनं पान उलटलं. आणि गप्प.

मी म्हटलं, "तो म्हणजे कोण?"

गप्प. पान मागे गेल्याचा आवाज, पुढे आल्याचा, परत मागे. मग मागचा पुठ्ठा उघडल्याचा. मागच्या पुठ्ठ्यात काय असतं? माझा शिक्का असतो, बाकी काही नाही. मी म्हटलं, "अगं, जीव टांगणीला लागलाय इथे!" तर म्हणाली, "घसा बसला, बाबा. उद्या वाचते."

घसा बसलेली बाई नंतर स्वयंपाकघरात हिच्याशी अर्धा तास कुजबुजत होती.

गुरुवार, १९

आता सगळं कळलं. मी काय दुधखुळा आहे?

संध्याकाळी मालकांचा फोन आला. मी उचलला. "अरे वा, तुम्ही! बरं, बरं. जरा सूनबाईंना देता?" सूनबाई फोन घेऊन बाहेर गेली. कानावर एवढंच आलं: "हो, मीही कालच पाहिलं... नाही, अजून नाही... मी सांगते, मला थोडा वेळ द्या... फार मनाला लावून घेतील."

सत्कार! चाळीस वर्षांचा सत्कार. दुसरं काय असणार? मला अगोदर कळलं तर मी नको म्हणेन, मनाला लावून घेईन, म्हणून हा लपंडाव. ताकाला जाऊन भांडं लपवतात! हिला आडून विचारलं, "माझा तो राखाडी कोट कुठे आहे?" हिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय. अभिनय चांगला करते.

भाषण मनात जुळवायला घेतलंय. सुरुवात: "मित्रहो, चाळीस वर्षांत एकही चुकीची प्रत..."

या गडबडीत वाचन मात्र झालं. चारच पानं, पण झालं. गंमत म्हणजे बाईनं अजून नाव सांगितलंच नाही. "तो म्हणजे" म्हणाली आणि तेवढ्यात स्थानकातलं पाणी गेलं. सगळे गोंधळले. धुलाईखान्यात पाणी नाही! इस्त्रीयंत्र म्हणालं, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." मला फार हसू आलं. सूनबाईला म्हटलं, "हे वाक्य तुमच्या कचेरीतून उचललं बघ." ती म्हणाली, "हो ना, मलाही आश्चर्य वाटलं."

शुक्रवार, २०

लेखकाची भाषा शेवटी शेवटी एकदम सुधारली आहे. आधी जरा पुस्तकी होती. आता माणसं माणसांसारखी बोलतात. इस्त्रीयंत्र तर थेट आमच्या हिच्यासारखं बोलायला लागलंय. कप्तानाला म्हणालं, "तेहतीस वर्षं सांगतेय, ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नका." यंत्र बाईमाणसासारखं कधीपासून बोलायला लागलं, कळलं नाही, पण चटका बसला. कपडे कुठे वाळत घालतात त्याचाही खुलासा आला: इंजिनाच्या खोलीत, दोऱ्या बांधून, गरम हवेवर. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "बघा! मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं, देव जाणे.

एक विचित्र गोष्ट. सूनबाई हल्ली मधेच थांबते, छताकडे बघते, मग वाचते. आणि एका पानावर फार मजकूर आहे. अर्धा तास झाला तरी पान उलटल्याचा आवाज येत नाही. शेवटच्या पानांत बारीक टाइप लावून कागद वाचवलेला असणार. प्रकाशकांच्या या युक्त्या मला माहीत आहेत.

रविवार, २२

पुस्तक संपलं. आज सकाळी बसलो ते जेवायच्या वेळेपर्यंत.

खून झालाच नव्हता. दहा नंबरच्या दाराच्या पट्टीला केसाएवढी चीर गेली होती. हवाप्रमुख आत काम करत बसला, दार लावून घेतलं, आणि हवा हळूहळू निघून गेली. दारावर शिक्का होता. म्हाताऱ्या तपासनिसाला चीर दिसलीच नव्हती, कारण वर्षभरापासून त्याला नीट दिसतच नव्हतं. आणि हे सगळ्यांना माहीत होतं! कप्तानाला, डॉक्टरला, स्वयंपाक्याला. पण सांगायचं कुणी? म्हातारा तापट. नाकानं कांदे सोलणारा. सगळ्यांना वाटलं, दुसरा कुणी सांगेल.

माझा असा संताप झाला! सूनबाईला मधेच थांबवलं. "ही काय रीत झाली? माणसाला तोंडावर सांगायला नको? गुन्हेगार तो म्हातारा नाही, हे सगळे आहेत. त्याची कीव करत बसले. मी असतो तर म्हटलं असतं, शिक्का घ्या, पण मला खरं सांगा."

सूनबाई म्हणाली, "आणि तो रागावला असता तर?"

"रागावला असता. दोन दिवस जेवला नसता. मग भूक लागल्यावर जेवला असता."

"पण बाबा, सांगायचं कुणी?"

"ज्याचा त्याच्यावर जीव आहे त्यानं. परक्यानं सांगितलं तर तो अपमान असतो."

तिनं पुस्तक परत वर धरलं. मग पुढचं वाचलं, हळू आवाजात. धुलाईबाई कुणाचंच नाव जाहीर करत नाही. ती सगळ्यांना घरी पाठवते. मग म्हाताऱ्याच्या खोलीत जाते, दोघांसाठी चहा करते, आणि ती रबराची पट्टी त्याच्या हातात देते. म्हणते, "डोळ्यांनी नको, बोटांनी बघा." म्हातारा बोट फिरवतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याचं बोट चिरेवर थांबतं. मग तो चहा संपवतो आणि आपला शिक्का तिच्या समोर ठेवतो. बाई म्हणते, "उद्यापासून मला नवीन मुलांना शिकवणारं कुणीतरी हवंय. चीर बोटानं कशी ओळखायची ते."

संपलं.

डोळ्याला पाणी लावू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. आतून येणाऱ्या पाण्याबद्दल काही बोलले नव्हते. सूनबाईनं पुस्तक मिटलं. ती काहीतरी बोलणार होती. "बाबा, एक..." म्हणाली, आणि ही आतून म्हणाली, "पानं घेतलीत." झालं. राहून गेलं. सत्काराचंच असणार.

मंगळवार, २४

भाषण तयार. सात मिनिटं. आरशासमोर म्हणून बघितलं. "एकही चुकीची प्रत" इथे आवाज चढवायचा आणि थांबायचं, टाळ्यांसाठी जागा. ही दारात उभी होती. मी बघितल्यावर पदर डोळ्यांना लावून निघून गेली. एवढं भारावण्यासारखं भाषण झालंय तर.

शुक्रवार, २७

चष्मा आला.

भिंतीवर पाल आहे. कॅलेंडरवर बारीक अक्षरं आहेत. हिच्या कपाळावर नव्या सुरकुत्या आहेत. मी सांगितलं, आता बोलत नाही माझ्याशी. सूनबाईच्या हनुवटीवर तीळ आहे. आठ महिने घरात आहे आणि मला आज दिसला. मार्कर टाकला, साध्या पेनानं लिहितोय. एका पानात सव्वीस ओळी, सरळ.

रोजचं वर्तमानपत्र उघडलं. मग सहा महिन्यांपूर्वीचं एक जुनं उघडलं.

शाई फिकी नव्हती.

शनिवार, २८

सूनबाई कचेरीत. ही शेजारी. वाटलं, त्या शेवटाची दोन पानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचू.

पान २८८. पुढचं पान २७३.

परत बघितलं. फर्मा अठरा. पुन्हा फर्मा अठरा. एकोणीस नाहीच. मागच्या कागदावर शिक्का, सरळ, ठसठशीत, चारही कोपरे उमटलेले. सात नंबर.

रविवार, २९

काल दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो, कारण भूक लागली.

काल लिहिता आलं नाही ते आज लिहितो. मला लाज वाटली. एकदम चाळीस वर्षांची लाज वाटली. सगळं एका क्षणात उमजलं. मालकांचे फोन, कुजबुज, हिचा पदर. राखाडी कोट! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मग राग आला. त्या बारीक टाइपाचा, छताकडे बघत वाचण्याचा. मग आठवलं, रागावून मी कुणाला काय सांगितलं होतं. 'ज्याचा जीव आहे त्यानं.' आता कोणत्या तोंडानं ओरडणार?

सकाळी सूनबाईला हाक मारली. "तो शेवट परत वाच."

तिनं माझ्या चष्म्याकडे बघितलं. "आता तुम्हालाच वाचता येईल ना."

"तुझ्या आवाजात ऐकायचाय."

तिनं २८८ उघडलं आणि सुरू केलं. पाणी गेलं, यंत्र बोललं, जवळजवळ शब्दाला शब्द. काय स्मरणशक्ती आहे! पाच मिनिटं ऐकलं आणि म्हटलं, "पान उलटायला विसरलीस."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

सूनबाईनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. म्हणाली, "रोज पन्नास माणसांना सांगते, उद्या पाणी येणार नाही. काही वाटत नाही. तुम्हाला सांगताच येईना, बाबा. मालक म्हणाले, तुम्ही सांगा. आई म्हणाल्या, मी नाही, तूच सांग."

ही दारातून म्हणाली, "मी तेहतीस वर्षं सांगतेय, काही ऐकलंत? म्हटलं, हिचं तरी ऐकतील."

"किती प्रती?"

"अडतीस परत आल्यात. अजून येतील, असं मालक म्हणत होते."

अडतीस. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिलो. मग विचारलं, "त्या तपासनिसाला तू स्थानकाबाहेर ढकलू शकली असतीस. चहा का पाजलास?"

ती म्हणाली, "समोर बसून ऐकत होतात ना तुम्ही."

मी उठलो. चहा मीच ठेवला. साखर जास्त पडली. तिनं प्यायला आणि काही नोंदवलं नाही.

सोमवार, ३०

बाइंडिंगखान्यात गेलो. कोट घातला नाही. मालकांनी मला बघितलं आणि आधी टेबलावरचा पेपरवेट उचलून खणात ठेवला. मला ओळखतात.

रुमाल सोडून शिक्का त्यांच्यासमोर ठेवला. "अडतीस," मी म्हटलं.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "आज सकाळी तीन आल्या." मग जरा थांबून, "एका वाचकाचं पत्र आलंय. शेवट वाचकावर सोडलाय, लेखकाचं धाडस वाखाणण्यासारखं आहे, म्हणतो. तो प्रत परत द्यायला तयार नाही."

मला हसू आलं. मालक आधी घाबरले, मग तेही हसले. पण सांगतो, शिक्का त्यांनी उचलून घडीवाल्या बाईच्या हातात दिला तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला. चाळीस वर्षं माझ्या हातात होता तो. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, आणि म्हणाली, "पायऱ्या तर मी बघेन, पण तुम्ही पुस्तक अंगठ्यानं फर्रकन उलटून सांगता ना, कुठलं पान वळलंय ते? ते शिकवा मला."

ही बाई सूनबाईला ओळखते की काय, असं क्षणभर वाटलं. फोन सगळीकडे झालेले दिसतात.

खुर्ची गेली. दुरुस्तीचं टेबल मिळालं, खिडकीजवळचं. परत आलेल्या प्रतींची शिलाई उसवायची, जादा अठरावा काढायचा, एकोणिसावा घालायचा, परत शिवायचं. माझी घाण मीच निस्तरणार. आज चार झाल्या. दोन्ही डोळे असते तर सहा झाल्या असत्या.

शनिवार, ५

आज माझी स्वतःची प्रत दुरुस्तीला घेतली. शिवायच्या आधी खरा एकोणिसावा फर्मा उभ्या उभ्याच वाचला.

स्वयंपाकी! स्वयंपाकीच! सोलायच्या सुरीनं पट्टी खरवडली, तळणाच्या रागातून! पान एकेचाळीस, तारीख सहा, याच वहीत लिहून ठेवलंय! मी तसाच सूनबाईच्या कचेरीत गेलो, रांगेत उभा राहिलो, पुढे तिघं होते, आणि खिडकीवर पोचल्यावर म्हटलं, "स्वयंपाकीच होता."

ती म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. पुढचे या." पण हसत होती. आता मला दिसतं.

खरा शेवट ठीक आहे. पण कपडे कुठे वाळतात, त्यात नाही. चहा नाही. म्हातारा तर शेवटच्या सोळा पानांत एकदाही येत नाही; लेखक त्याला विसरूनच गेला. मी आधीच सूनबाईकडून तिचा शेवट कागदावर उतरवून घेतला होता. एका मोठ्या कागदावर सोळा पानांच्या जागा आखून दिल्या होत्या, तिनं बारीक अक्षरात भरल्या. घडी घातली, तेच आकडे टाकले, २८९ ते ३०४, आणि खऱ्या एकोणिसाव्याच्या मागे शिवला. जगात अशी एकच प्रत आहे.

रीतीप्रमाणे घडीवाल्या बाईपुढे ठेवली. तिनं अंगठ्यानं फर्रकन उलटली. थांबली. "एकोणिसावा दोनदा आहे. नापास."

"अगं, मुद्दामच आहे तो."

"तुम्हीच शिकवलंत ना? फर्मा जास्त असेल तर समोर कोण उभा आहे ते बघायचं नाही."

शिक्का मिळाला नाही. बरोबर आहे, मीही मारला नसता. छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

घरी आणून मागच्या कागदावर, शिक्क्याची जागा असते तिथे, पेनानं लिहिलं: 'फर्मा एकोणीस दोनदा आहे. चूक नाही. तपासले.' खाली माझी सही केली. मग पुस्तक सूनबाईपुढे सरकवलं आणि म्हटलं, "तूही एकदा बघ आणि सही कर. माझा एक डोळा अजून व्हायचाय."